लागतंय का?

पहिला फोटो धूसर आला.
दुसऱ्यात फ्लॅशची चमक, पाठीवर भलताच चंद्र.
तिसऱ्या वेळी मी दोरिवालला दवाखान्याच्या दारात उभं केलं,
तोंड नदीकडे, पाठ माझ्याकडे,
चट्ट्याला लागून शाळेतली प्लास्टिकची पट्टी धरली
आणि म्हटलं, श्वास रोख.
चार सेंटिमीटर. कडा किंचित उचललेली,
आत फिकट,
ओल्या वाळूवरून पाणी ओसरावं तसं.

त्याने फोन हातात घेतला. बराच वेळ बघितलं.
"ही माझी पाठ?"
बावन्न वर्षांत पहिल्यांदाच भेटत होती त्याला.
आल्झिरा म्हणाली, मी रोज बघते.
दोन पूर येऊन गेले, हा तिथेच.
मला वाटलं गजकर्ण.

मानाउस इथून होडीने पाच दिवस.
फोटोला चाळीस मिनिटं, आभाळ मोकळं असेल तर.
छपरावरची थाळी आ वासून बसलेली,
जनरेटरचं डिझेल नऊपर्यंत.

साडेसातला नेट लागलं.
डॉक्टर हेलोईझा चौकोनात आल्या, आधी आवाज, मागून ओठ.
त्यांच्या अंगात स्वेटर. मी घामाने निथळत.
त्यांनी चट्टा मोठा केला, अजून मोठा केला,
शेवटी कातडी उरलीच नाही, नुसते तपकिरी ठोकळे.
"इथून एवढंच दिसतं," त्या म्हणाल्या.
"आता तुझा हात मला दे."

मी कापूस वळला,
उंदराच्या शेपटीएवढं टोक काढलं.
दोरिवाल, डोळे मीट. लागलं की सांग.

खांदा. "लागलं."
मान. "लागलं."
डावी कूस. "गुदगुल्या होतायत," आणि हसला.
चट्टा.
बाहेर कुणाच्या तरी होडीचं इंजिन खोकलं.
चट्टा, पुन्हा, अगदी मधोमध.
माझ्या मानेला डास चावला, मला लागलं.
तो डोळे मिटून ताटकळत होता,
पानावर बसलेल्या माणसासारखा.
"सुरू कधी करणार?" त्याने विचारलं.

पडद्यावर काही हललं नाही.
मला वाटलं, चित्र अडकलं.
अडकलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"त्याचे हात दाखव."

हे हात इथे सगळ्यांना ठाऊक.
कसावाचं पीठ भाजताना
ते तळाला लागू नये म्हणून
हा तापल्या परातीत उघडा पंजा घालतो.
पोरं पैजा लावतात.
बायका म्हणतात, ह्याचं आगीशी लग्न लागलंय.
मीही म्हटलंय. दोनदा तरी.
जळाल्याच्या खुणा मीच धुतल्या, मीच पट्ट्या बांधल्या,
आणि वहीत लिहिलं: सोशिक.

जुना शब्द मी उच्चारला नाही, डॉक्टरांनीही नाही.
दोरिवालने उच्चारला, आजोबांच्या एका भावाचं नाव घेऊन,
ज्याला नदीच्या वरच्या अंगाला सोडून आले होते
एक जाळं आणि एक कुत्रा देऊन.

मग डॉक्टर भराभर बोलल्या, नऊ वाजत आले होते.
बरा होतो. गोळ्या फुकट. बहुतेक वर्षभर, पण एकही चुकवायची नाही.
लघवी लाल होईल, घाबरायचं नाही.
पुढच्या होडीने नमुना पाठव.
घरातल्या सगळ्यांचं अंग तपास, लहानग्यांचंसुद्धा.
परातीला लाकडी उलथनं, आजपासून.
"आणि त्याला सांग, कुणी कुठे सो..."

दिवा गेला.
वाक्य मीच पूर्ण केलं. सोडून येणार नाही.
बरोबर होतं का, उद्या विचारीन.

आल्झिरा म्हणाली, तो कापूस मला दे.
धक्क्याच्या पायरीवर दोघं बसली,
मी कुलूप शोधत मागे.
"लागलं?"
"नाही."
"आता?"
"नाही."
थोडा वेळ नुसतीच नदी.
"लागलं," तो म्हणाला.
तिचा हात अजून हवेतच होता.